सर्वानुमते म्हणजे कुणाच्या मते?

ग्रामपंचायतीची कुठलीही ठराववही उघडा. पानामागून पान उलटत गेलं तरी एकच ओळ पुन्हा पुन्हा भेटते : 'सूचक अमुक, अनुमोदक तमुक, ठराव सर्वानुमते मंजूर.' ठराव रस्त्यावरच्या मुरमाचा असो, गायरानाचा असो, नाहीतर दारूच्या दुकानाला ना-हरकत देण्याचा असो, शेवटची ओळ तीच. दूध संस्थेच्या वहीत तीच, बचत गटाच्या वहीत तीच. आणि मैत्रिणींनो, आपल्या स्त्री-संघटनांच्या बैठकांची इतिवृत्तं काढली तर तिथंही बहुधा तीच सापडेल.

गावात एवढं एकमत असतं तर तालुक्याच्या कोर्टात एवढी गर्दी कशाला झाली असती? ज्या सभेत ठराव सर्वानुमते मंजूर होतो, तिथून घरी जाताना पाणंदीत बायका जे बोलतात ते ऐकलं की कळतं, वहीतलं मत एक आणि पाणंदीतलं मत दुसरंच.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे. एकमत ही चांगली गोष्ट आहे, पण ज्या सभेत 'नाही' म्हणणारीला 'नाही' म्हणता येतं आणि म्हटल्यावर सुखरूप घरी जाता येतं, त्याच सभेतलं एकमत खरं. बाकीच्या ठिकाणी जे असतं ते गप्प बसणं. आणि गप्प बसणं हा आपल्याकडे बायकांचाच वाटा समजला गेला आहे. म्हणून 'निर्णय सगळ्यांनी मिळून कसा घ्यायचा' हा नुसता सभाशास्त्राचा प्रश्न नाही, तो बाईच्या हक्काचा प्रश्न आहे.

आमच्या तासगावला मिळून निर्णय घेण्याचं मोठं कौतुक आहे आणि ते असायलाच हवं. ३ सप्टेंबर १९४२ ला तासगावच्या मामलेदार कचेरीवर गावोगावचे लोक मोर्चानं गेले आणि कचेरीवर तिरंगा लागला. पुढं प्रतिसरकारच्या काळात सातारा-सांगलीच्या या पट्ट्यात न्यायदान मंडळं निघाली. इंग्रजांच्या कोर्टाची पायरी न चढता गावातलं भांडण गावासमोर मिटायला लागलं. लीलाताई पाटील, इंदुताई पाटणकर, हौसाताई पाटील यांच्यासारख्या बायका त्या लढ्यात जिवावर उदार होऊन उतरल्या होत्या. पण निवाडा द्यायला बसणारी मंडळी बहुतेक पुरुषच होती. लढायला बाई चालते, निरोप पोचवायला, हत्यार लपवायला चालते. निवाड्याच्या घोंगडीवर मात्र तिला जागा मिळायला फार वेळ लागतो.

याच तालुक्यातल्या अंजनी गावचे आर. आर. आबा पाटील गृहमंत्री असताना १५ ऑगस्ट २००७ पासून राज्यात 'महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम' सुरू झाली. गावानं ग्रामसभेत समिती नेमायची, गावातले तंटे समजुतीनं मिटवायचे, नवे होऊ द्यायचे नाहीत. मिटलेल्या तंट्यांना गुण आणि गुणांवरून गावाला लाखांत बक्षीस. हेतू चांगला होता. हातभर बांधासाठी दोन पिढ्या कोर्टाच्या वाऱ्या करणाऱ्या भावाभावांना या मोहिमेनं एका जागी बसवलं, हे आम्ही पाहिलं आहे. काही गावांत समित्यांनी पुढं होऊन आंतरजातीय लग्नं लावून दिली, तेही विसरून चालणार नाही.

पण बांधाचा तंटा आणि बाईला मारहाण झाल्याचा तंटा हे दोन्ही एकाच रकान्यात आले की काय होतं? बांधाच्या तंट्यात दोन्ही बाजूंना भाऊ असतात, दोघांच्याही नावावर जमीन असते, दोघांनाही गावात राहायचं असतं. नवरा-बायकोच्या तंट्यात एका बाजूला गावचा मुलगा, त्याची भावकी, त्याचं घर. दुसऱ्या बाजूला दुसऱ्या गावाहून आलेली सून, जिच्या नावावर ना घर ना शेत, आणि आई-बाप म्हणतात 'पोरी, आता तिथंच नांद'. अशा दोघांना समोरासमोर बसवून 'दोघांनीही थोडं थोडं घ्या' असं सांगणं म्हणजे तराजूत आधीच दगड टाकून मग वजन करणं.

कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा अंमलात आला तो ऑक्टोबर २००६ मध्ये. मोहीम सुरू झाली तेव्हा त्याला वर्षही झालं नव्हतं. ज्या बाईला घरात राहण्याचा हक्क, संरक्षणाचा आदेश, खर्चाची रक्कम या गोष्टी नुकत्याच कायद्यानं मिळाल्या होत्या, तिलाच गावात सांगितलं जाऊ लागलं की कोर्टात जाऊ नकोस, गावाचं बक्षीस जाईल.

आमच्याकडे आलेल्या एका बाईची हकीगत सांगते. गावाचं नाव सांगत नाही, कारण ते कुठलंही गाव असू शकतं. नवरा प्यायचा आणि मारायचा. ती माहेरी आली. गावच्या समितीनं बोलावलं, चावडीवर पंधरा-वीस पुरुष बसले होते. तिला विचारलं, 'नांदायला जाणार ना?' ती काहीच बोलली नाही. नवऱ्याला विचारलं, 'पुन्हा मारणार नाहीस ना?' तो म्हणाला, 'नाही.' कागदावर लिहिलं, 'उभयतांच्या संमतीने तंटा समजुतीने मिटला', आणि तिचा अंगठा घेतला. दीड महिन्यानं ती हात मोडून घेऊन आमच्याकडे आली. तेव्हा ती म्हणाली, 'मी हो म्हटलंच नव्हतं. मी नुसती खाली बघत होते.'

खाली बघणं म्हणजे हो. आपल्या सगळ्या सार्वजनिक व्यवहारात बाईच्या बाबतीत हा नियम लागू आहे. लग्न ठरवताना तोच, वारसाहक्काचं हक्कसोडपत्र करताना तोच आणि ग्रामसभेतही तोच. मोहिमेचा तो पहिला जोर आज राहिलेला नाही, पण गावोगाव समित्या आणि त्यांचे अध्यक्ष अजून नेमले जातात. त्यापेक्षाही महत्त्वाचं म्हणजे 'मिटवून टाका' ही वृत्ती मोहिमेच्या आधीही होती आणि नंतरही आहे.

एकमताचं दुसरं रूप म्हणजे 'बिनविरोध'. निवडणूक आली की गावच्या पुढाऱ्यांना एकदम गावाच्या एकोप्याची आठवण होते. निवडणुकीनं वैर वाढतं, पैसा जातो, हे खरंच आहे. पण बिनविरोध ठरतं कुठं? रात्री एखाद्या घराच्या माडीवर. तिथं बाई नसते, मागासवर्गीय वस्तीतला माणूस बहुधा सकाळी कळवण्यापुरता असतो. १९९३ नंतर एक तृतीयांश आणि २०११ पासून निम्म्या जागा बायकांना मिळाल्या, पण जागा कुणाच्या बायकोनं भरायची हे माडीवरच ठरत असेल, तर आरक्षणातली हवाच निघून जाते. २०२१ च्या ग्रामपंचायत निवडणुकीत तर नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी या गावांत पदांचा चक्क लिलाव झाला. राज्य निवडणूक आयोगानं तिथल्या निवडणुका रद्द केल्या. बोली देवळासाठी होती, गावाच्या भल्यासाठी होती, सगळ्यांना मान्य होती, असं समर्थन झालंच. जातपंचायतीचे निवाडेही असेच 'सर्वांना मान्य' असतात. वाळीत टाकलेल्या घराला सोडून. त्यासाठी २०१६ साली महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला.

कुणी म्हणेल, ग्रामसभा तर सगळ्यांना खुली आहे, बायकांनी यावं आणि बोलावं. कायद्यात तर ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची तरतूदही आहे. आता प्रत्यक्ष बघा. ग्रामसभेची गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यांत जो आकडा कमी असेल तो. दोन हजार मतदारांच्या गावात शंभर माणसं जमली की सभा पुरी. तीही जमली नाहीत तर सभा तहकूब आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही. म्हणजे पंचवीस माणसांनी घेतलेला निर्णय 'सर्वानुमते' लिहायला कायद्याची हरकत नाही. आणि सभा केव्हा? २६ जानेवारीला सकाळी, झेंडावंदनानंतर. त्या वेळी आमच्या तालुक्यात द्राक्षाचा हंगाम असतो. बागेत मजुरीला जाणारी बाई सभेला आली तर तिची हजेरी बुडते. बागायतदार सभेला बसला तर त्याचं काही बुडत नाही. महिला सभा तर बऱ्याच ठिकाणी अंगणवाडीत, सह्यांच्या कागदावरच होते. ज्या सभेला येण्याची किंमत सगळ्यांना सारखी नाही, तिथलं मत सगळ्यांचं कसं म्हणायचं?

मग उपाय काय? उघड आहे तो मतदानाचा. गुप्त मतदान हे दुबळ्याचं हत्यार आहे, आणि ते आपल्या बायकांनी नीट चालवून दाखवलं आहे. दारूचं दुकान बंद करण्यासाठी २००८ च्या आदेशानं मतदानाचा मार्ग मोकळा झाला. गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी सह्या करून मागणी करायची, मग मतदान, चिठ्ठीवर उभी बाटली आणि आडवी बाटली. शेजारच्या सातारा जिल्ह्यात जावळी तालुक्यातल्या बायकांनी अशी बाटली आडवी करून दाखवली. ज्या बाईचा नवरा दुकानाच्या ओट्यावर बसलेला असतो, तिला चावडीवर हात वर करता येत नाही, पण पडद्याआड शिक्का मारता येतो. हा फरक जीवन-मरणाचा आहे.

पण याच कायद्यात एक काटा आहे. बाटली आडवी व्हायची तर झालेल्या मतांच्या नव्हे, यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं लागतात. म्हणजे जी सासरहून नाव न काढता गेली, जी ऊस तोडायला लांब गेली, जी मेली आणि यादीत राहिली, ती सगळी मतं उभ्या बाटलीला. इथंही गप्प बसणारीचं मत प्रस्थापिताच्या खात्यात जमा होतं. चावडीवर असो की मतपेटीत, मुकी संमती नेमकी कुणाच्या पारड्यात टाकायची हे आधीच ठरलेलं असतं. ते कुणी ठरवलं, हा प्रश्न आपण प्रत्येक नियमाला विचारायला हवा.

शिवाय मतदानानं प्रश्न सुटतो, पण माणसं सुटत नाहीत. ५१ विरुद्ध ४९ झाल्यावर दुसऱ्या दिवशी पाण्याला त्याच नळावर जायचं असतं. म्हणून सर्वसहमतीचा विचार सोडून द्यावा असं मला वाटत नाही. ती खरीखुरी होऊ शकते याचं उदाहरण महाराष्ट्रातच आहे. गडचिरोली जिल्ह्यातलं मेंढा (लेखा), धानोरा तालुक्यातलं शंभरेक घरांचं गोंड आदिवासींचं गाव. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा या गावानं दिली. तिथली ग्रामसभा बहुमतानं निर्णय घेत नाही, सर्वसहमतीनं घेते. एकाचाही विरोध असेल तर निर्णय थांबतो, पुन्हा चर्चा होते. २००९ साली वनहक्क कायद्याखाली अठराशे हेक्टरांवर जंगलाचा सामूहिक हक्क या गावाला मिळाला आणि २०११ मध्ये आपल्या बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकारही ग्रामसभेकडे आला. एवढा मोठा व्यवहार हे गाव असं सांभाळतं.

मेंढ्याचं नाव घेतलं की आपण 'आदिवासींमध्ये एकोपा असतोच' म्हणून मोकळे होतो. तसं नाही. त्यांनी त्यासाठी रचना केली आहे. अभ्यासगट वेगळा आणि ग्रामसभा वेगळी. अभ्यासगटात नुसता विचार करायचा, माहिती घ्यायची, बाहेरच्या जाणकाराला बोलवायचं, पण तिथं निर्णय घ्यायचा नाही. निर्णय फक्त ग्रामसभेत. म्हणजे सभेत येईतो माणसाला विषय कळलेला असतो. दुसरी गोष्ट, 'थांबा' म्हणणाऱ्याला खलनायक समजत नाहीत. आणि तिसरी गोष्ट आपण मान्य करायला हवी : बागायतदार आणि मजूर, सवर्ण आणि दलित अशी आपल्या गावांत असते तेवढी खोल दरी तिथं नाही. सहमती समानतेतून येते. समानता नसताना तिची मागणी करणं म्हणजे दुबळ्याला 'ऐक' म्हणणं.

पण आमच्यासारख्या गावांत तिला मुळीच जागा नाही असंही नाही. आमच्या शेजारच्या खानापूर तालुक्यात, येरळा नदीवर, तांदुळवाडी आणि बलवडीच्या लोकांनी १९८० च्या दशकात मुक्ती संघर्ष चळवळीच्या बळावर बळीराजा धरण बांधलं. त्या धरणाचं खरं काम सिमेंटचं नव्हतं, पाणी कुणाला हे ठरवण्याचं होतं. पाणी जमिनीच्या मापानं न देता प्रत्येक कुटुंबाला सारखं, भूमिहीनालाही, हे तत्त्व तिथं मान्य झालं. ज्याला जास्त मिळालं असतं त्यानं कमी घ्यायला कबूल होणं, याला मी सहमती म्हणते. चावडीवरच्या त्या समजुतीत कमी असलेल्या बाईनंच आणखी कमी घ्यावं असं ठरलं होतं. दोन्हीकडे कागदावर शब्द एकच असेल. पण सहमतीत कोण किती सोडतो, हे पाहिलं की खरं-खोटं कळतं.

आता उंबऱ्याच्या आतलं बोलते. बाहेरच्यांना हे सगळं सांगणं सोपं आहे. आपल्या संघटनांमध्ये काय चालतं? आपण अध्यक्ष नको, पदं नकोत, सगळ्या सारख्या असं म्हणत आलो. अमेरिकेतल्या जो फ्रीमन या कार्यकर्तीनं १९७० साली तिथल्या स्त्री-मुक्ती गटांसमोर मांडलं होतं की ज्या गटात रचना नाही असं म्हणतात, तिथं रचना असतेच, फक्त ती लपलेली असते आणि म्हणून तिला जाब विचारता येत नाही. आपल्याकडे ती कशी दिसते? जिला माइकची सवय आहे ती बोलते. जिचा संघटनेला पगार आहे ती विषयपत्रिका लिहिते. जिला मुक्कामाची गाडी आहे ती शेवटपर्यंत थांबते आणि निर्णय शेवटच्या अर्ध्या तासात होतात. लांबच्या वस्तीवरून आलेली, साडेचारची एसटी गाठायची असलेली, तिचं मत एसटीतच राहतं. दलित बाईनं हरकत घेतली की 'आपल्यात जात कुठं आणतेस' असं हळूच म्हटलं जातं. 'बहिणी-बहिणी' म्हणताना आपणही मोठ्या बहिणीचं ऐकायचंच असं धरून चालतो.

वर्षातून दोनदा तालुक्यातल्या गावागावांतल्या बायकांची बैठक आम्ही तासगावात घेतो. दीडशेवर बायका येतात. मागच्या बैठकीत प्रश्न होता : नवरा-बायकोचं भांडण गावच्या समितीपुढं न्यायचं की नाही? वर सांगितलेली हकीगत सगळ्यांना माहीत होती. वारं एकाच बाजूला होतं, भाषणं तशीच झाली, 'नेऊ नये' असा ठराव हात वर करून दोन मिनिटांत झाला असता. पण मोठ्या प्रश्नावर हात वर करायचे नाहीत, दाणे टाकायचे, असा आमचा नियम आहे. दोन वाट्या, एकीत ज्वारी, एकीत हरभरा. पडद्यामागं गाडगं. पटलं तर ज्वारी, नाही पटलं तर हरभरा. लिहिता-वाचता न येणारीलाही यात कुणाची मदत लागत नाही.

गाडगं ओतलं तर हरभरे मूठभर नव्हते, चांगले वाटीभर निघाले.

मग दहा-दहा जणींचे गोल करून बसलो. कार्यकर्त्यांनी बोलायचं नाही, फक्त ऐकायचं. हळूहळू बाहेर आलं. एकजण म्हणाली, कोर्टाची तारीख म्हणजे माझी मजुरी आणि एसटीचं भाडं. कायदा साठ दिवसांत निकाल द्या म्हणतो, देतंय कोण? समिती निदान चालत जाण्याइतकी जवळ आहे. दुसरी म्हणाली, मला नवरा सोडायचा नाही, त्याला चार माणसांत लाज वाटावी एवढंच हवंय. तिसरीला समितीची भीती वाटत होती, पण समितीकडे जाऊ नये असा ठराव झाला तर मग संघटनाही आपल्याला दारात उभी करणार नाही, ही त्याहून मोठी भीती होती. हे सगळं भाषणांत कुठं होतं? कुठंच नव्हतं.

दोन वेळा बसून शेवटी जे ठरलं ते पहिल्या ठरावापेक्षा लांबलचक आहे, पण उपयोगाचं आहे. समितीपुढं जायचं की नाही हे फक्त ती बाई ठरवेल. गेली तर संघटनेच्या दोघी तिच्या शेजारी बसतील. त्या दिवशी कशावरही सही-अंगठा नाही, आठ दिवसांनी माहेरी किंवा तिला हव्या त्या जागी तिला एकटीला विचारायचं, मग कागद. कागदाची प्रत तिच्याकडे. मारहाण असेल तर संरक्षण अधिकाऱ्याला कळवायचंच, समजूत झाली तरी. आणि समजूत झाली म्हणून तिचा कोर्टात जाण्याचा हक्क संपत नाही, हे कागदावर लिहायचं. यावर पुन्हा दाणे टाकले. तरी काही हरभरे निघालेच. वहीत आम्ही 'सर्वानुमते' लिहिलं नाही. 'बहुतेकींना मान्य, काहींची हरकत अशी' असं लिहून हरकतही लिहिली.

यावर आक्षेप येतात आणि ते खोटे नाहीत. पहिला वेळेचा. उद्या मोर्चा न्यायचा आहे, पोरगी दवाखान्यात आहे, तेव्हा कुठले गोल करून बसायचं? खरं आहे. म्हणून सगळ्या निर्णयांना एक माप लावू नये. रोजची आणि तातडीची कामं ज्यांच्यावर सोपवली आहेत त्यांनी ठरवावीत आणि पुढच्या बैठकीत हिशोब द्यावा. जे निर्णय वर्षानुवर्षं बांधून ठेवतील, त्यांना मात्र दोन बैठका द्याव्यात.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. एकीच्या विरोधावर निर्णय थांबणार असेल तर ती एक कोण? गावच्या सभेत 'माझी हरकत आहे' म्हणून मजुरीचा दर अडवून धरणारा बागायतदारही एकच असतो. सर्वसहमतीचा आग्रह जसा दुबळ्याला वाचवतो तसाच जे चाललंय ते चालू ठेवणाऱ्यालाही वाचवतो. म्हणून नकाराचा अधिकार सरसकट नको. निर्णयाचा भार जिच्या अंगावर पडणार आहे, तिच्या नकाराचं वजन सगळ्यांत जास्त. आणि काही गोष्टी सहमतीला टाकायच्याच नाहीत. बाईला मारावं की नाही, दलितानं आडावर पाणी भरावं की नाही, यावर गावाचं मत घ्यायचं नसतं. तो हक्क आहे. गाव एका बाजूला आणि ती एकटी दुसऱ्या बाजूला असली तरी तो हक्कच आहे.

उलट गाव जेव्हा हक्काच्या बाजूनं उभं राहतं तेव्हा काय होतं, तेही जवळच घडलं आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं मे २०२२ मध्ये विधवांच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात शासनानं तो राज्यातल्या ग्रामपंचायतींपुढं आदर्श म्हणून ठेवला. मग गावोगाव ठराव झाले, बहुतेक सर्वानुमते. पण मयताच्या दिवशी, घरच्या चार म्हाताऱ्या भोवती असताना, 'हात लावू नका' म्हणायला कोण उभं राहतं, यावर त्या ठरावाचा कस लागतो. ज्या गावात ठरावाआधी विधवा बायकांना बसवून विचारलं गेलं असेल, तिथं कुणीतरी उभं राहील. जिथं परिपत्रक आलं म्हणून हात वर झाले, तिथं हात खालीच राहतील.

तेव्हा येत्या ग्रामसभेच्या आधी आपापल्या गावात तीन गोष्टी कराव्यात असं मी सुचवते. महिला सभा बायकांच्या सोयीच्या वेळी, संध्याकाळी, वस्तीवर घ्यायला लावायची आणि तिच्या शिफारशी ग्रामसभेत वाचून दाखवायला लावायच्या. ज्या ठरावावर आपली हरकत आहे ती नावानिशी किंवा 'काही महिलांची हरकत' म्हणून वहीत लिहायला भाग पाडायचं. ग्रामसेवक नाही म्हणाला तर लेखी अर्ज देऊन पोच घ्यायची. आणि आपल्या संघटनेत, पुढच्या मोठ्या बैठकीत, हात वर करण्याआधी एकदा दाणे टाकून बघायचे.

हरभरे निघतील. निघाले तर घाबरू नका. ज्या संघटनेच्या गाडग्यात कधीच हरभरा पडत नाही, तिथल्या बायकांना एकतर सगळं पटलेलं असतं किंवा काहीच सांगण्यासारखं राहिलेलं नसतं. पहिलं मी अजून कुठं पाहिलेलं नाही. तुमचा अनुभव वेगळा असेल तर तो जरूर लिहा, आणि माझ्याशी सहमत नसाल तर आधी लिहा.